पाय तिचा मोडला, माफीही तिनंच मागितली

  हातातलं काम थांबवू नका. शेंगा निवडत असाल तर निवडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. फक्त कान इकडं असू द्या.

दर वेळी आपण कर्जाची परतफेड, बँकेची कागदपत्रं, नाही तर पापड-शेवयांची विक्री यावर बोलतो. आज मी पतंगाविषयी बोलणार आहे. हसू नका. पतंगापासून सुरुवात करून आपण आपल्या घरातल्या एका सवयीपर्यंत येणार आहोत.

संक्रांत आली की आपल्याकडं पोरं गच्चीवर, पत्र्यावर चढतात. कुणाचा पतंग कटला की गल्लीभर आरडाओरडा. आणि त्यासोबत कुणाचं बोट कापलं, कुणाच्या गळ्याला मांजा लागला, अशा बातम्याही येतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी कुणी ना कुणी जखमी होतंच. म्हणजे पतंग हा दिसायला कागदाचा, पण वाऱ्याचा जोर त्याच्यात असतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

आता या पतंगाला मोठा करा. किती मोठा? आपलं नऊवारी लुगडं अंगणात पूर्ण पसरलं तर साधारण साडेनऊ चौरस मीटर कापड होतं. तेवढा, कधी त्याहून मोठा पतंग. त्याला हवा भरलेली नळी असते, म्हणजे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही. त्याच्या दोऱ्या वीस मीटरच्या वर लांब, म्हणजे सहा-सात मजली इमारतीइतक्या. त्या दोऱ्या माणसाच्या कंबरेला बांधलेल्या पट्ट्याला अडकवतात, पायाखाली एक फळी असते, आणि वारा माणसाला समुद्रावरून ओढत नेतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. हवा भरून पाण्यावर तरंगणाऱ्या या पतंगाचं पेटंट १९८४ मध्ये फ्रान्समधल्या दोन भावांनी घेतलं. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. आपल्या देशात गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर आणि तमिळनाडूत रामेश्वरम, तुतिकोरीनला तो शिकवतात.

तुम्ही म्हणाल, ताई, आमचा काय संबंध? आमची धाव पैठणपर्यंत, फार तर वेरूळ. संबंध आहे. आता आपल्या गटातल्या बायकांची पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. सुना शिकलेल्या आहेत. मुकुंदवाडीत राहणाऱ्यांना तर विमानाचं अप्रूपच नाही, चिकलठाण्याचं विमानतळ शेजारी, दिवसातून चार वेळा डोक्यावरून घरघर जाते. आता त्याच विमानात आपली पोरं बसायला लागली आहेत. आणि गटसुद्धा सहली काढायला लागले आहेत. कोकणात गेलं की किनाऱ्यावर कुणी तरी विचारतंच, "ताई, पॅरासेलिंग करणार का? बनाना बोट? स्कूबा?" तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे घरी बसून ठरवलेलं बरं.

आमच्या एका गटातल्या मावशींच्या सुनेची गोष्ट सांगते. तिनं स्वतः सांगितलं, "ताई, सांगा, पण नाव नका घेऊ." म्हणून नाव घेत नाही.

मुलगा आणि सून दोघंही पुण्यात नोकरी करतात. लग्नाला पाच वर्षं झाली. दोघांनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि श्रीलंकेला जायचं ठरवलं. तिथं वायव्य किनाऱ्यावर कल्पिटिया नावाचं गाव आहे, उथळ खाजण आहे, वारा चांगला असतो, म्हणून जगभरातून लोक हा पतंगाचा खेळ शिकायला तिथं येतात. दोघांनाही खेळ नवा. पाच दिवसांचं शिक्षण, पैसे आधीच भरलेले.

पहिल्या दिवशी वाळूवर छोटा पतंग उडवायला शिकवलं. सून म्हणाली, मला हसूच येत होतं, लहानपणी भावाची चक्री धरायचे, तेच परत करतेय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाण्यात. फळी नाही, फक्त पतंगाच्या जोरावर अंग पाण्यातून ओढत न्यायचं. या खेळातली हीच रीत आहे, आधी जमीन, मग पाणी, फळी सगळ्यात शेवटी. ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. वाऱ्याचा एकदम झोत आला. हातातला दांडा सोडायचा असतो, सोडला की पतंगाचा जोर उतरतो. पण माणूस घाबरलं की घट्ट धरतं. आपणसुद्धा बैल उधळला की कासरा सोडत नाही, उलट हाताला गुंडाळतो. तसंच झालं. पतंगानं तिला ओढलं, पाय तळाच्या वाळूत रुतलेला, घोटा मुरगळला आणि "कट्" असा आवाज झाला. घोट्याजवळचं हाड मोडलं.

वाऱ्याचं गणित कसं असतं, तेही सांगते. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून नवशिक्याला जे घडतं ते एका क्षणात घडतं. मूर्खपणा केला म्हणून घडतं असं नाही.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. दवाखान्यात नेलं, क्ष-किरण तपासणी झाली, प्लास्टर झालं. ऑपरेशन लागलं नाही. परदेशी जाताना विमा काढलेला होता, तिकिटासोबतच. पण त्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की साहसी खेळांत झालेली दुखापत यात धरली जाणार नाही. म्हणजे सगळा खर्च खिशातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं विचारलं, "माझे तीन दिवस बाकी आहेत, पैसे भरलेत. जाऊ का?" ती म्हणाली, "जा ना, तुझं कशाला बुडवायचं." तो गेला. ती वरच्या मजल्यावर, खोलीत, पाय उशीवर ठेवून. खाली उतरता येत नाही. पाणी प्यायचं भांडं हाताला येत नाही. दीड तासानं तो परत आला, म्हणाला मन लागलं नाही. मग दोघंही गप्प. उरलेले दिवस तसेच गेले.

तिनं मला काय सांगितलं माहीत आहे? "तो गेला याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. मी 'जा' म्हणाले ते मनापासून नव्हतं, आणि मनातलं मला बोलता आलं नाही, याचं वाटलं."

परत आल्यावर काही दिवस विश्रांतीसाठी दोघं मुकुंदवाडीला घरी आले. दारात रिक्षातून उतरता उतरता तिनं सासूला पहिलं वाक्य काय म्हटलं? "आत्याबाई, माफ करा. माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा झाला. पैसेही गेले."

पाय तिचा मोडला. दुखतंय तिला. आणि माफी मागतेय तीच.

सासूबाई, म्हणजे आमच्या गटातल्या मावशी, त्या दिवशी चिडलेल्याच होत्या. गुरुवारच्या बैठकीत म्हणाल्या, "काय नडलं होतं पाण्यात उतरायचं? बाईच्या जातीनं काठावर बसून फोटो काढावेत." बैठकीत शांतता. मग एक अक्का, अंगठा टेकवणारी, हिशेबात पक्की, एवढंच म्हणाली, "मावशी, पाय तुमच्या लेकाचा मोडला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?"

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लागलं का रं बाळा, असं म्हणले असते."

त्या दिवशी बचतीचं काम राहिलं बाजूला. प्रत्येकीनं आपापलं सांगितलं. एकजण गोठ्यात घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. तिनं नवऱ्याला पहिलं काय सांगितलं? "धारा काढायच्या राहिल्या." एकजण नवऱ्याच्या गाडीवरून जालना रोडवर पडली, गाडी तो चालवत होता, आणि ती घरच्यांना म्हणाली, "माझाच पदर अडकला असंल." एकीला कापूस वेचताना साप चावला, दवाखान्यात जाताना ती म्हणत होती, "ऐन हंगामात मी हे काय करून बसले." म्हणजे खेळ समुद्रावरचा असो की काम गोठ्यातलं, बाई पडली की बाईच्या तोंडून पहिला शब्द माफीचा येतो.

मैत्रिणींनो, ही सवय नुसती मनाला लागणारी नाही, ती अंगाला महाग पडते. माफी मागणारी बाई दुखणं लपवते. "एवढं काही नाही" म्हणते. दोन दिवस हळद-तेल लावून बघते. मोडलेल्या हाडावर मालीश करून घेते. आणि दवाखान्यात जाते तेव्हा सूज उतरायची वाट बघावी लागते, किंवा हाड वाकडं जुळायला लागलेलं असतं. म्हणून मी या विषयावर आज बोलतेय.

त्या सुनेचं पुढं काय झालं, तेही सांगते. सहा आठवडे प्लास्टर होतं. मावशींनी तिचा पाय उशीवर ठेवला, वेळच्या वेळी ताट हातात दिलं. मुलगा शनिवार-रविवारी पुण्याहून यायचा, तेव्हा तिची वेणी घालायला शिकला. पहिली वेणी अशी घातली की शेजारणी हसून लोळल्या. आणि एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "मी त्या दिवशी विचारायलाच नको होतं." ती म्हणाली, "विचारलंस ते बरोबर होतं, मी खरं सांगायला हवं होतं." मला वाटतं, यातून आपण सगळ्यांनी घ्यावं ते हे: कुठंही लांब जाण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. दोघांपैकी एकाला लागलं तर दुसरा थांबणार की नाही? किती पैसे गेले की पुढचं सगळं रद्द करायचं? आणि परत यायचं कधी ठरवायचं, कोण ठरवणार? नवरा-बायको असोत, नाही तर गटाच्या वीस बायका असोत, हे आधी बोललं की ऐन वेळी कुणाला मन मारून "जा" म्हणावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, मग जायचंच कशाला? घरी बसलेलं बरं. माझं म्हणणं तसं नाही. गोठा निसरडा आहे म्हणून आपण गोठ्यात जायचं सोडत नाही, पोतं टाकतो, खडी पसरतो. तशीच तयारी फिरायला जातानाही करायची.

आपल्या किनाऱ्यांवर काय काय घडलंय, ते माहीत असावं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर गुजरातचंच एक जोडपं पॅरासेलिंग करत होतं. म्हणजे बोटीला दोर, दोराला छत्री, छत्रीला माणसं. उंचावर असताना दोर तुटला. दोघं समुद्रात पडली. अंगात जीवरक्षक जाकीट होतं, दोघंही वाचली. त्याच महिन्यात आपल्या अलिबागजवळ वरसोलीच्या किनाऱ्यावर दोन बायकांच्या बाबतीत तसाच दोर तुटला. त्याही वाचल्या. मे २०२२ मध्ये मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी पर्यटकांची बोट उलटली, वीस पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीला पुण्याची एक तरुण मुलगी पॅराग्लायडिंग करताना गेली, तिच्यासोबतचा चालकही गेला. पोलिसांनी तो व्यवसाय चालवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला.

ही नावं घाबरवायला घेतली नाहीत. या सगळ्यांत माणसांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. किनाऱ्यावर गेली, पैसे दिले, विश्वास ठेवला. म्हणून विश्वास ठेवण्याआधी विचारायचं. आपण भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो. मग जीव ज्या दोराला टांगायचा तो दोर का बघू नये?

काय विचारायचं, ते लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर पोरीला लिहायला सांगा.

पहिलं, नोंदणी आहे का? आपल्या राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही ठिकाणचे असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे. समुद्रातल्या खेळांना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. कागद दाखवा म्हणायला लाजू नका. ज्याच्याकडं आहे तो लगेच दाखवतो.

दुसरं, जाकीट. प्रत्येकीच्या मापाचं, सगळे पट्टे लावलेलं, बोट सुरू व्हायच्या आधी अंगात घातलेलं. "जवळच तर जायचंय" म्हणून हातात धरलेलं जाकीट उपयोगाचं नाही. साडीवर घालायचं असेल तर पदर आधी कमरेला नीट खोचा. खरं तर पाण्यात उतरायचं असेल तर पंजाबी ड्रेस किंवा पॅन्ट बरी. ओली साडी पायात गुंडाळते.

तिसरं, वारा कुठून कुठं वाहतोय? जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा वारा नवशिक्यासाठी वाईट, तो आत ओढून नेतो. हे ओळखायला शिक्षण लागत नाही. ओढणीचं टोक हातात धरा, ती कुठं उडते बघा.

चौथं, थांबायचं कसं? खेळ कोणताही असो, "मला थांबायचंय" याची खूण आधी ठरवून घ्या. काइटसर्फिंगमध्ये पतंगापासून झटकन सुटका करणारी कळ असते, ती जमिनीवर उभं असताना स्वतः दोन-तीनदा ओढून बघायची असते. आपल्याला बोटीत बसायचं असेल तरी, उलटी होतेय, चक्कर येतेय, तर हात कसा करायचा, हे विचारून ठेवा.

पाचवं, हंगाम. पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, कोकणच्या किनाऱ्यावर हे खेळ बंद असतात. त्या दिवसांत कुणी "चला, आमची बोट सुरू आहे" म्हणालं, तर तिथूनच माघारी फिरा.

आणि यातलं एकही उत्तर पटलं नाही तर "नाही" म्हणा. बाकीच्या एकोणीस जणी बसल्या म्हणून विसाव्या बाईनं बसलंच पाहिजे असं नाही. तिला कुणी भित्री म्हणायचं नाही. आणि जिला बसायचंय तिला कुणी "वयाचं भान आहे का" असंही म्हणायचं नाही.

आता लागलंच तर काय करायचं? हे घरी, शेतात, सगळीकडं उपयोगी आहे.

हाताला लागलं तर सगळ्यात आधी बांगड्या, पाटल्या, अंगठी काढा. पायाला लागलं तर जोडवी, पैंजण काढा. लगेच. सूज चढली की निघत नाहीत, मग रक्त अडतं आणि कापून काढावी लागतात. सौभाग्याचं लेणं म्हणून कुणी अडवलं, तर सांगा, परत घालायला बोट शाबूत पाहिजे.

लागलेला भाग हलवू नका. ओढून "जागेवर बसवायचा" प्रयत्न करू नका. मालीश नको. जसा आहे तसा, एखादी पट्टी किंवा गुंडाळलेलं जाड वर्तमानपत्र लावून, ओढणीनं सैलसर बांधा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून लावा, थेट कातडीवर नको. पाय उशीवर, काळजाच्या वर येईल असा ठेवा. डॉक्टरांकडं जाईपर्यंत काही खायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर अडचण होते.

मानेला, पाठीला लागलंय असं वाटलं तर दोघींनी हातपाय धरून उचलू नका. तिला तसंच पडू द्या, डोकं दोन्ही बाजूंनी हातानं स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. आपल्या राज्यात आणि गोव्यातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच नंबर. दुसरी काही मदत लागली तर ११२.

डोक्याला लागल्यावर उलट्या, गुंगी, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना. आणि कुणाच्या नाकातोंडात भरपूर पाणी गेलं असेल, तर "बरी आहे आता" म्हणून एकटीला झोपू देऊ नका. पुढचे काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नसेल, दम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

विमानानं परत यायचं असेल आणि प्लास्टर नवं असेल, तर विमान कंपनीला आणि डॉक्टरांना आधी विचारा. वर गेल्यावर सूज वाढते, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत पूर्ण बंद प्लास्टर चालत नाही, ते उभं चिरून द्यावं लागतं. चाकाची खुर्चीही आधी सांगितली की मिळते.

आता पैशाची बाजू. आपल्या बहुतेक बायकांच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये कापले जातात. चांगली योजना आहे, १८ ते ७० वर्षांपर्यंत घेता येते, १ जून ते ३१ मे असं तिचं वर्ष. पण त्यातून मिळतं काय, ते नीट ऐका. अपघातात मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे असं कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख रुपये. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. हाड मोडलं, प्लास्टर झालं, बरं झालं, तर त्यातून काही मिळत नाही. दवाखान्याचं बिल ती योजना भरत नाही. कितीतरी जणींना वाटतं, २० रुपये कापलेत म्हणजे दवाखाना फुकट. तसं नाही.

दवाखान्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. पण उपचार यादीतला हवा आणि रुग्णालयही योजनेतलं हवं. म्हणून सहलीला निघताना शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्ड जवळ ठेवा, आणि जिथं जाणार तिथं योजनेतलं रुग्णालय कुठं आहे, ते आधी विचारून ठेवा. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, पहिल्यांदा त्यांना भेटा.

आणि ज्यांची पोरं-सुना परदेशी जाणार आहेत, त्यांनी पोरांना एवढंच विचारा, "विम्याच्या कागदात साहसी खेळ आहेत का?" नसतील तर थोडे जास्त पैसे भरून ते वेगळे घेता येतात. विचारायला इंग्रजी यावं लागत नाही.

गटाची सहल असेल तर माझी एक सूचना आहे. अंतर्गत कर्जाचे पैसे सहलीत घालू नका. सहलीची वही वेगळी करा, दर महिन्याला थोडी वर्गणी. जेवढे जमतील त्यातला दहावा हिस्सा बाजूला ठेवा, तो फक्त कुणाला लागलं, दुखलं तर. काही झालं नाही तर परत वाटून घ्या. खर्च कमी करायचे रस्तेही आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. महिलांसाठी राज्याचं 'आई' नावाचं पर्यटन धोरण त्याच वर्षी आलं, त्यात १ ते ८ मार्च या काळात पर्यटन महामंडळाच्या निवासांत बायकांना ५० टक्के सवलत ठेवली आहे. आणि ज्या गटांना स्वतःच पर्यटनाचा धंदा करायचाय, निवास-न्याहारी, खानावळ, त्यांच्यासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळायची सोयही त्यात आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या गटांनी हे जरूर बघावं. त्यावर आपण वेगळं बोलू.

आता पुढच्या बैठकीत तीन कामं करायची. एक, प्रत्येकीनं आपलं पासबुक आणून बघायचं, विम्याचे २० रुपये खरंच कापले गेलेत का. दोन, वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकीचा रक्तगट, घरच्या एकाचा फोन नंबर आणि चालू असलेलं औषध लिहायचं. तीन, प्रत्येकीनं एकदा सांगायचं, मला शेवटचं लागलं तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोलले.

ती मावशींची सून आता चालते, पायऱ्या उतरताना थोडं जपते. परत पाण्यात जाणार का, असं तिला बैठकीत विचारलं. ती म्हणाली, "जाईन, पण या वेळी दांडा सोडायचा सराव वाळूवर पन्नास वेळा करीन." आणि मावशी? त्या म्हणाल्या, "मीपण काठावर येते. फोटो काढायला कुणी तरी पाहिजेच की."

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आपल्या रेडिओला जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण शेवयांच्या पॅकिंगविषयी बोलू. नमस्कार.